मेलची दुसरी प्रत कुणाकडे आहे?



समूहाच्या बैठकीत आपण पंचसूत्री म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. पाचवं सूत्र म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर रजिस्टर येतं, पासबुक येतं. मेल येत नाही. पण आता बँकेचं मंजुरीपत्र मेलवर येतं. खरेदीदाराची ऑर्डर, खाद्य परवान्याचं नूतनीकरण, लेखापरीक्षकाचे प्रश्न, प्रदर्शनातल्या स्टॉलची यादी हेसुद्धा मेलवरच येतं. म्हणजे मेल हासुद्धा आपल्या हिशोबाचाच भाग झाला. मग त्याची दुसरी प्रत कुठं आहे, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

मी हा प्रश्न उशिरा विचारला. त्यामुळे आधी काय झालं ते सांगते. चूक माझीही होती, म्हणून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पाटी परत मिळाली, गाळा रिकामा होता

आपल्या फेडरेशनची अद्रक पावडर आणि सुंठ विकायला लागल्यावर आपण एक छोटी वेबसाइट करून घेतली होती. सोबत फेडरेशनच्या नावाचा मेलही मिळाला. शहरातल्या एका संगणक जाणणाऱ्या माणसानं सगळं करून दिलं, आपण पैसे दिले आणि विषय संपला असं समजलो. खरं तर विषय दर वर्षी नवा होत होता. साइटचं नाव आणि मेल ठेवायची जागा, दोन्हींचं भाडं वर्षाचं असतं. भाडं भरायची आठवण करून देणारे मेल त्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर जात होते. त्यानं तो पत्ता वापरणंच सोडलं होतं.

एक दिवस एका ग्राहकाचा फोन आला, "ताई, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय." तेव्हा कळलं, मुदत कधीच संपून गेली होती. धावपळ करून पैसे भरले. नाव परत मिळालं. मेलही सुरू झाला. पण उघडून बघितलं तर आत एकही जुना मेल नाही. दीड वर्षाचा पत्रव्यवहार गेला. जागेचं भाडं थकलं म्हणून त्यांनी जागा साफ केली होती, आणि नियमात तसं लिहिलेलं होतं.

एका मावशींनी मला विचारलं, "मेल गेला म्हंजे कुठं गेला? कुठंतरी असंलच ना?" मला उत्तर देता येईना. कुठंच नव्हता.

त्याच सुमारास सुंठीच्या एका खरेदीदारानं किलोमागे ४० रुपये कमी लावले. "भाव एवढाच ठरला होता," म्हणाला. माल होता दोन क्विंटल. म्हणजे ८ हजार रुपयांचा फरक, आणि तो नऊ बायकांच्या मेहनतीचा. ठरलेला भाव त्यानं स्वतः मेलवर लिहून दिला होता. तोच मेल आता आमच्याकडे नव्हता.

मग त्या गावच्या समूहाच्या सचिव ताईंनी रजिस्टर उघडलं. पानांमध्ये घडी घालून एक कागद ठेवलेला होता. त्या मेलची प्रिंट, वर तारीख, खाली भाव. "बायकांना वाचून दाखवायला मी त्या वेळी छापून मागितली होती," म्हणाल्या. त्या प्रिंटचा फोटो खरेदीदाराला पाठवला. दोन दिवसांत उरलेले पैसे आले. ताई सातवी शिकलेल्या. माझ्याकडे एमएसडब्ल्यूची पदवी, लॅपटॉप, सगळं होतं, पण एकाही मेलची प्रत नव्हती.

सगळंच काही असं परत मिळालं नाही. प्रदर्शनात माल घेतलेल्या ग्राहकांनी पुढे मेल केले होते. त्यांचे पत्ते गेले ते गेलेच. बँकेच्या पत्राची नक्कल मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. म्हणून हा लेख.

आधी ओळखा : आपला मेल कुठला?

आपल्या मेलच्या पत्त्यात मध्ये एक गोल खूण असते, तिला 'ॲट' म्हणतात. तिच्यानंतर काय लिहिलंय ते बघा.

तिथं जीमेल असेल तर खातं गुगलकडे आहे. त्याला भाडं नाही, पण नियम आहेत. एका खात्याला १५ जीबी जागा मिळते, आणि त्यातच मेल, ड्राइव्हमधल्या फायली आणि गुगल फोटोजमधले फोटो बसवायचे असतात. जागा भरली की नवे मेल येणं थांबतं. 'ट्रॅश'मध्ये टाकलेला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो. आणि दोन वर्षं खातं कुणी उघडलंच नाही, तर गुगल ते काढून टाकू शकतं. हा नियम २०२३ मध्ये आला. ज्या ग्रामसंघांनी एका प्रशिक्षणापुरता मेल काढला आणि नंतर पाहिलाच नाही, त्यांनी आजच उघडावा.

खुणेनंतर आपल्या संस्थेचं नाव असेल, तर तो भाड्याच्या जागेवरचा मेल आहे. बाजारपेठेतला गाळा डोळ्यांसमोर आणा. दुकानावरची पाटी म्हणजे डोमेन, आणि आत माल ठेवायचा गाळा म्हणजे होस्टिंग. दोन्हींचं भाडं वेगवेगळं असतं, कधी एकाच्याच हातात देतो, कधी दोघांच्या. पाटी आपल्या नावाची असली तरी गाळा आपला होत नाही. मालक बदलला, दुकान बंद पडलं किंवा भाडं थकलं, तर आतला माल आपल्या हातात राहत नाही.

तुमच्या फेडरेशनमध्ये हे चार प्रश्न विचारा :

१. डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय? संस्थेच्या की करून देणाऱ्याच्या?
२. डोमेनची आणि होस्टिंगची मुदत कोणत्या तारखेला संपते?
३. मुदतीची आठवण कोणत्या मेलवर आणि कोणत्या मोबाइलवर येते?
४. होस्टिंगचा लॉगिन आणि पासवर्ड आपल्या कपाटात आहे का?

चारपैकी एकाचंही उत्तर "त्या दादाला माहीत आहे" असं आलं, तर पहिलं काम तिथंच आहे.

मोठ्यांचंही जातं

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, त्या सांभाळतातच की. सांभाळतात, पण सगळ्याच नाही आणि नेहमीच नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत गुगलच्या एका बिघाडामुळे काही जीमेल खाती रिकामी दिसायला लागली. मेलच्या ज्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या यंत्रांवर होत्या, त्यांनाही त्या बिघाडाचा फटका बसला. वाचवलं कशानं? टेपनं. जुन्या कॅसेटसारख्या चुंबकी टेपवर त्यांनी वेगळी प्रत ठेवली होती, जी कुठल्याही यंत्राला जोडलेली नव्हती. तिच्यावरून मेल परत भरले. गुगलसारखी कंपनीसुद्धा एक प्रत अशी सुटी ठेवते.

उलट उदाहरण २०१९ च्या फेब्रुवारीतलं. अमेरिकेत व्हीएफईमेल नावाची मेलसेवा होती. कुणीतरी आत घुसून तिच्या अमेरिकेतल्या यंत्रांवरचा सगळा डेटा पुसून टाकला. बॅकअप होता, पण तोही जोडलेल्याच यंत्रांवर होता. त्यामुळे तोही पुसला गेला. लोकांचे वर्षानुवर्षांचे मेल गेले.

आणि "आमचं सगळं कागदावर आहे, आम्हाला काय भीती" असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच राज्याचं उदाहरण. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, माणसं गेली आणि कितीतरी विभागांच्या फायलींची राख झाली. ज्या कागदाची नक्कल दुसऱ्या कार्यालयात होती, तो पुन्हा उभा करता आला.

आपलं गाव तर कागदाचंच. खुलताबाद आणि दौलताबादच्या मध्ये कागजीपुरा आहे. हातकागद तयार करायची तिथली कला शेकडो वर्षांची. तो कागद टिकाऊ म्हणून नावाजलेला. पण कागद कितीही टिकाऊ असला तरी एकच प्रत असेल, तर एक पावसाळा, एक उंदीर किंवा एक आगकाडी पुरते.

तेव्हा कागद चांगला की संगणक, हा वाद नाहीच. एकच प्रत असणं हाच धोका आहे.

तीन प्रतींचा नियम तुम्हाला आधीच येतो

संगणकवाले एक नियम सांगतात. प्रती तीन असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. त्यातली एक दुसऱ्या जागी असावी.

हा नियम तुम्ही रोज पाळता. एका ताईनं समूहाकडून ५ हजार कर्ज घेतलं, तर त्याची नोंद समूहाच्या रजिस्टरमध्ये होते, तिच्या वैयक्तिक पासबुकात होते आणि महिन्याच्या अहवालातून ग्रामसंघाकडे जाते. रजिस्टर पावसात भिजलं तर सगळ्या जणींची पासबुकं गोळा करून ते पुन्हा लिहिता येतं. कुणी नोंदीत खाडाखोड केली तर दुसऱ्या नोंदीवरून पकडता येते. मेललाही असंच पासबुक हवं.

आपल्यासाठी तीन प्रती म्हणजे : एक मूळ खात्यात, एक कार्यालयाच्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर, दुसऱ्या गावात.

पद्धत पहिली : भाड्याच्या जागेवरचा मेल

यासाठी 'थंडरबर्ड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरायचं. ते संगणकावर बसवावं लागतं. पहिल्यांदा कुणाला तरी शेजारी बसवून करा, दुसऱ्यांदा स्वतः.

१. थंडरबर्ड उघडून नवीन खातं जोडा. नाव, मेलचा पत्ता आणि पासवर्ड विचारेल.

२. पुढे 'आयमॅप' आणि 'पॉप-थ्री' असे दोन पर्याय येतील. आयमॅप निवडा. पॉप-थ्रीमध्ये मेल खाली उतरवून मूळ जागेवरून काढून टाकले जाऊ शकतात. आपल्याला माल हलवायचा नाही, नक्कल करायची आहे. सर्व्हरची माहिती आपोआप आली नाही, तर होस्टिंगवाल्याला विचारा. आयमॅपचा पोर्ट सहसा ९९३ असतो.

३. खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' असं पान आहे. तिथं या खात्याचे सगळे मेल संगणकावर ठेवायची खूण करा आणि कितीही जुने असले तरी सगळे उतरवायचा पर्याय निवडा. मग संगणक चालू ठेवून वाट बघा. मेल जास्त असतील तर रात्रभर लागतो. लाइटीचा भरवसा नसेल तर दिवसा करा.

४. इथं बरेच जण थांबतात, आणि इथंच चूक होते. आयमॅप म्हणजे आरसा. मूळ खात्यात जे आहे तेच तो दाखवतो. तिकडे कुणी मेल पुसला, तर पुढच्या वेळी इकडूनही जातो. आरशातल्या दागिन्याला आपण दागिना म्हणत नाही. म्हणून पुढची पायरी आहे.

५. डाव्या बाजूला 'लोकल फोल्डर्स' दिसेल. ही जागा फक्त आपल्या संगणकाची. तिथं त्या आर्थिक वर्षाच्या नावाचं फोल्डर करा. मग 'इनबॉक्स' उघडून सगळे मेल निवडा, उजवं बटण दाबा आणि 'कॉपी टू' वापरून त्या फोल्डरमध्ये घाला. शेजारीच 'मूव्ह टू' असतं, ते दाबू नका. 'मूव्ह' म्हणजे हलवणं, 'कॉपी' म्हणजे नक्कल.

६. हेच 'सेंट'साठी करा. आलेले मेल सगळे जपतात, पाठवलेले विसरतात. पण आपण काय कबूल केलं होतं, ते पाठवलेल्या मेलमध्येच असतं.

७. शेवटी थंडरबर्डचं 'प्रोफाइल फोल्डर' पेनड्राइव्हवर घ्यायचं. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की त्या फोल्डरचं बटण सापडतं. फोल्डर उघडून ठेवा, थंडरबर्ड बंद करा आणि मग नक्कल करा. या फोल्डरमध्ये साठवलेले पासवर्डही असतात. म्हणून हा पेनड्राइव्ह गाणी भरायला कुणाला देऊ नका.

काही होस्टिंगमध्ये 'सीपॅनेल' असतं. त्यातल्या 'बॅकअप' पानावरून 'होम डिरेक्टरी' उतरवून घेतली, की मेलही त्यात येतो. हे करता आलं तर चांगलंच. पण वरचं सोडून फक्त यावर राहू नका, कारण ती फाइल उघडून वाचायला जाणकार माणूस लागतो.

पद्धत दुसरी : जीमेल

जीमेलसाठी गुगलचीच सोय आहे, तिचं नाव 'टेकआउट'.

१. संगणकावर फेडरेशनच्या खात्यात जा. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये डेटा आणि गोपनीयतेचं पान आहे. त्यात आपला डेटा डाउनलोड करायचा पर्याय सापडेल.

२. सुरुवातीला सगळ्याच गोष्टींवर खूण असते. आधी सगळ्या खुणा काढा. मग 'मेल', 'कॉन्टॅक्ट्स' आणि आपल्या फायली तिथं असतील तर 'ड्राइव्ह', एवढ्यावरच खूण करा.

३. एकदाच हवं की दर दोन महिन्यांनी वर्षभर हवं, असं विचारेल. वर्षभरचं निवडलं तर एका वर्षात सहा वेळा प्रत तयार होते.

४. प्रत तयार व्हायला काही तास लागतात, कधी दिवसही लागतात. झाली की त्याच खात्यावर मेल येतो. त्यातली लिंक साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे लगेच उतरवून घ्या. प्रत तयार झाली म्हणजे आपल्याकडे आली असं नाही. उतरवून घेतली तरच आपली.

५. ही 'झिप' फाइल सोडवली की आत 'एमबॉक्स' प्रकारची एक मोठी फाइल मिळते. ती थंडरबर्डमध्ये एक जोड-सॉफ्टवेअर बसवून वाचता येते.

एक सावधगिरी. "तुमचा डेटा तयार आहे, इथं दाबा" असे खोटे मेलही येतात. आपण मागितलंच नसेल तर दाबायचं नाही. चुकून पासवर्ड दिला गेला तर लगेच बदला. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या नंबरवर फोन करा.

"ताई, आमच्याकडे संगणकच नाही"

बऱ्याच ग्रामसंघांची ही अडचण आहे. फोनवर टेकआउट मागता येतं, पण मोठी फाइल फोनमध्ये मावत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा फेडरेशनच्या कार्यालयात या. स्वतःचा पेनड्राइव्ह आणा.

बाहेरच्या केंद्रावर करावं लागलं, तर तीन गोष्टी पाळा. पासवर्ड स्वतः टाका. काम झालं की लॉगआउट करा. आणि त्या संगणकाच्या 'डाउनलोड'मध्ये राहिलेली आपली फाइल पुसा, 'रिसायकल बिन'मधूनही. नाहीतर आपली दुसरी प्रत भलत्याच माणसाकडे राहील.

काही ठिकाणी येणारा प्रत्येक मेल आपोआप दुसऱ्या खात्यावर जाईल अशी सोय केलेली असते. ती उपयोगी आहे, पण अर्धी. तिथं जुने मेल जात नाहीत आणि आपण पाठवलेलेही जात नाहीत.

चावी एकीच्याच पदरात नको

प्रत घेतली, पण खात्याची चावी हरवली तरी कुलूप लागतंच. हे आपल्याकडे घडू शकतं. लेखापाल ताईंनी स्वतःच्या मोबाइलवर खातं काढलं. पुढे लग्न झालं, सासर लांबचं, सिम बदललं. आता ओटीपी त्या जुन्या नंबरवर जातो आणि खातं उघडत नाही. यात त्या ताईंचा दोष नाही. आपण संस्थेचं काम एका व्यक्तीच्या नंबरवर लटकवलं, ही आपली चूक.

बँकेत आपण एकीच्या सहीनं पैसे काढू देत नाही. मेललाही तीच शिस्त लावू या.

फेडरेशनच्या नावाचं वेगळं सिम घ्या आणि खात्याला तोच नंबर द्या. त्यात वेळेवर रिचार्ज करा. दुसरा पर्यायी मेल पदाधिकाऱ्यांपैकी एकीचा द्या आणि पदाधिकारी बदलल्या की तो बदला. जीमेलमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी लावली, की १० 'बॅकअप कोड' मिळतात. फोन हरवला तर एकेक कोड एकदा वापरून आत जाता येतं. ते छापून, पाकिटात घालून, वर सह्या करून कपाटात ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

लेखापाल किंवा समन्वयक बदलताना शिक्के, रजिस्टर आणि चेकबुक आपण मोजून घेतो. त्याच यादीत मेलचा पासवर्ड, होस्टिंगचा लॉगिन आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह लिहा. ताबा घेतला त्याच दिवशी पासवर्ड बदला. मीही उद्या इथून जाईन, तेव्हा माझ्याकडूनही असंच मोजून घ्या.

उघडून बघितल्याशिवाय प्रत मानू नका

लोणच्याची बरणी भरून ठेवली म्हणजे काम संपत नाही. मधूनमधून झाकण उघडून बघतो, बुरशी तर नाही ना. पेनड्राइव्हचंही तसंच. तो न सांगता बिघडतो. आणि नक्कल अर्धवट झाली असेल, तर बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून दर तीन महिन्यांनी तीन मेल शोधून उघडा. एक वर्षभरापूर्वीचा. एक असा, ज्याला फाइल जोडलेली आहे, आणि ती फाइलही उघडा. एक आपण पाठवलेला. तिन्ही उघडले तर प्रत चांगली. एकही अडला तर त्याच दिवशी नवी प्रत घ्या.

पेनड्राइव्ह दोन ठेवा आणि आळीपाळीनं वापरा. जुन्या प्रतीवर नवी प्रत लगेच चढवू नका. या महिन्याच्या प्रतीत बिघाड असला तर मागच्या महिन्याची तरी हातात राहील. दोन्हींवर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा. काम झालं की संगणकातून काढून ठेवा. जोडलेलाच राहिला तर व्हायरस आला किंवा वीज पडली, की संगणकासोबत तोही जाईल. व्हीएफईमेलचं असंच झालं होतं.

काय छापून ठेवायचं?

सगळे मेल छापायची गरज नाही. पण ज्याच्यावर पैसा किंवा परवाना अडकलेला आहे, तेवढे छापा : बँकेचं मंजुरीपत्र, ठरलेला भाव आणि ऑर्डर, परवान्यांची आणि नोंदणीची पत्रं, लेखापरीक्षकाशी झालेला पत्रव्यवहार. प्रिंटवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. नुसता मजकूर छापला तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग कमी होतो.

ज्या गावाच्या मालाबद्दलचा मेल आहे, त्या गावच्या समूहाला एक प्रिंट द्या. सचिव ताईंच्या रजिस्टरमधला तो कागद विसरू नका. त्यांनी तो छापून मागितला नसता, तर नऊ जणींचे ८ हजार रुपये गेले असते.

बैठकीत हा ठराव घ्या

पुढच्या मासिक बैठकीत हा ठराव मांडता येईल. भाषा तुमच्या पद्धतीनं बदला.

"संस्थेच्या ई-मेल खात्याची प्रत दर महिन्याच्या मासिक बैठकीच्या आदल्या दिवशी घेण्यात यावी. प्रत घेण्याची जबाबदारी लेखापाल यांची व तपासण्याची जबाबदारी सचिव यांची राहील. एक प्रत कार्यालयात व एक प्रत कार्यालयाबाहेर, दुसऱ्या गावातील पदाधिकाऱ्यांकडे कुलपात ठेवण्यात यावी. डोमेन व होस्टिंगची मुदत संपण्यापूर्वी एक महिना आधी विषय बैठकीत घेण्यात यावा. हा ठराव सर्वानुमते मंजूर."

सोबत एका वहीत पाच रकाने आखा : तारीख, कोणत्या खात्याची प्रत, कुणी घेतली, कुठं ठेवली, उघडून कुणी बघितली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर आधीच्या चारांवर विसंबू नका.

या महिन्याचं काम

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही. चार आठवड्यांत वाटून घ्या.

पहिला आठवडा : वरचे चार प्रश्न विचारा, उत्तरं लिहून काढा.
दुसरा आठवडा : मोबाइल नंबर, पर्यायी मेल आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात घ्या.
तिसरा आठवडा : पहिली पूर्ण प्रत घ्या. हीच सगळ्यात वेळखाऊ, पुढच्या सोप्या जातात.
चौथा आठवडा : तीन मेल उघडून बघा, दुसरा पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी पोहोचवा.

अडलं तर फोन करा. मी येते, पण माउस तुमच्या हातात राहील. मागे एका आपांनी पहिल्यांदा कॉपी करताना 'मूव्ह' दाबलं आणि घाबरून हात मागे घेतला. मेल लोकल फोल्डरमध्येच होते. तिथून ते परत इनबॉक्समध्ये कॉपी केले, झालं. आता त्याच बाकीच्यांना शिकवतात आणि सांगतात, "डरो मत, पण आधी वाचा काय लिहिलंय ते."

आपल्या फेडरेशनची नवी प्रत आता तिसऱ्या महिन्याची आहे. एक कार्यालयाच्या कपाटात आहे. दुसरी त्याच सचिव ताईंकडे, ज्यांच्या रजिस्टरमध्ये ती प्रिंट सापडली होती. त्यांनीच मागून घेतली.

— तुमची क्षेत्र समन्वयक, खुलताबाद